परतवाडा–चिखलदरा घाट: खडक पाहत गाडी चालवायची तर कशी?

कपाशीवाला
राम राम मंडळी. जानेवारीत दर्यापूरहून परतवाडा मार्गे चिखलदऱ्याला गाडी घेऊन जायचं ठरतंय. बोटिंग, घोडे, सेल्फी यात रस नाही. उत्तरेला गाविलगडच्या डोंगराची जी भिंत शेतातून दिसते ती कशी झाली, तिच्यात काय काय थर आहेत, आणि त्यातलं गाडीच्या रस्त्यावरून किती पाहता येतं, एवढंच हवं आहे. आईवडील सोबत, दोघंही सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे फार चढउतार नको. गाडी पेट्रोल हॅचबॅक, हातगिअर. रस्ता कोणता, कुठे थांबायचं, गाडीचं काय बघायचं, सगळं सांगा.

गोटेमोज्या
पहिली गोष्ट दिशेची. वर जाताना परतवाडा–धामणगाव गढी–मोथा–चिखलदरा, आणि परतताना घटांगकडून जंगलातून खाली. उलटं केलं तर अर्धी मजा जाते. कारण हा डोंगर खालून वर वाचायचा आहे. सगळ्यात जुना लाव्हा तळाशी, नवा माथ्यावर, आणि धामणगावचा रस्ता तुम्हाला त्याच क्रमाने वर नेतो.

पण वाचायला सुरुवात परतवाड्याच्याही आधी होते. दर्यापूर–अचलपूर पट्ट्यात तुमच्या चाकाखाली जी सपाट काळी जमीन आहे ती पूर्णेच्या गाळाची, आणि गाळ शेकडो फूट जाड आहे. समोर मात्र एकदम डोंगर उभा. मधे हळूहळू चढत जाणाऱ्या टेकड्या जवळजवळ नाहीत. गाविलगडच्या पायथ्याने साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य असा मोठा भ्रंश जातो, म्हणजे जमिनीतली अशी तड जिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या. त्याच्या दक्षिणेची बाजू खचली, उत्तरेची वर राहिली. खचलेल्या बाजूवर पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी गाळ आणून भरला. म्हणजे चिखलदऱ्याला जो काळा दगड डोळ्यासमोर येतो, तोच दर्यापूरच्या शेताखाली गाळाच्या तळाशी पुरलेला आहे.

धामणगाव गढीच्या अलीकडे, शेतं संपायच्या आत, एकदा गाडी थांबवून भिंतीकडे सावकाश पाहा. आडव्या रेघा दिसतील: उभा कडा, मग झाडीचा उतार, परत कडा, परत उतार. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर, चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात साडेसातशे मीटरची चढण आहे आणि ती सगळी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याची. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास.

घाटात कापलेल्या दरडीत हे शोधा:

घट्ट, काळा-करडा, उभ्या भेगांचा दगड म्हणजे लाव्ह्याच्या थराचा पोटातला भाग. तो सावकाश थंड झाला, आकसला आणि उभा तडकला. कडे बनतात ते याचेच.

त्याच्या वर भोकाभोकांचा, ठिसूळ, पिवळट-तपकिरी भाग. थर थंड होताना वायूचे बुडबुडे वर चढले आणि तिथेच अडकले. पाणी मुरतं ते इथे, कुजतो हाच, आणि झाडं धरतात तीही यावरच. दरीच्या समोरच्या भिंतीवर झाडांची आडवी ओळ दिसली की तिथे एका थराचं डोकं आहे असं समजायला हरकत नाही.

काही ठिकाणी दोन थरांच्या मधे विटेच्या रंगाचा पातळ पट्टा येतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. तो लाल बोल. एक थर पसरल्यावर पुढचा येईपर्यंत मधे काळ गेला, वरचं तोंड कुजून माती झाली, राख बसली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हा पट्टा दिसला की मधे बराच काळ शांतता होती एवढं नक्की. लोक याला लोखंडाची खाण म्हणतात. लोखंडामुळे लाल आहे हे खरं, खाण बिण काही नाही.

वऱ्हाडी ष्टेरिंग
गोटेमोज्या भाऊंनी दगडाचं सांगतलं, मी गाडीचं सांगतो.

टाकी परतवाड्यातच भरजा. वर भेटन, पुढं भेटन, या भरोशावर राहू नोका. हवा सकाळी थंड टायरवर तपासजा, गाडीत चौघं अन् सामान असन तं दाराच्या आतल्या चिठ्ठीवर भरल्या गाडीचा जो आकडा हाय थो धरजा. घाट चढून टायर गरम झालं का दाब तीन-चार पीएसआय वाढते, थे पाहून हवा सोडू नोका. खाली थंड झाल्यावर टायर नरम पडन.

चढताना मुख्य गोष्ट ही का गिअर वळणाच्या आधी टाकाचा, वळणात नाही. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून डावीकडचं वळण चढताना आतली बाजू आपल्या वाट्याला येते, अन् आतली बाजूच जास्त खडी असते. तिसऱ्या गिअरात घुसलं तं इंजिन गुरगुरते, मंग घाईघाईत दुसरा टाकायला जाता अन् गाडी मागं सरकते. पेट्रोल हॅचबॅकले दोन ते तीन हजार आरपीएमवर दुसरा गिअर बरा. तिसऱ्यात एक्सलेटर दाबूनही ओढ नसन, टकटक आवाज येत असन, तं गिअर उतरवा, पाय दाबू नोका.

लालपरी वरून येत असन तं वळणाच्या खालीच थांबा. एसटीले यू-वळणात पुरा रस्ता लागते, अन् तिचं मागचं बूड बाहेर फिरते. नियमानं चढणाऱ्या गाडीचा हक्क पयला, पण एसटी वळणात अडकली तं हक्क घेऊन काय लोणचं घालता का?

कपाशीवाला
वा, दोघांचेही आभार. उतरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगा ना. आणि आमच्या शेजारच्यांची इलेक्ट्रिक कार आहे, तेही सोबत यायचं म्हणतात.

पावसाळी पाखरू
जानेवारी कशाला? चिखलदरा म्हणजे जुलै-ऑगस्ट. ढग गाडीत शिरतात, धबधबे सुरू असतात, हिरवंगार. जानेवारीत काय ठेवलंय, सुकलेलं गवत?

गोटेमोज्या
पाखरूभाऊ, धबधबा पाहायचा तर जुलै-ऑगस्ट, मान्य. धागा खडकाचा आहे. त्या दोन महिन्यांत पंचबोल पॉइंटवर उभं राहिलं तर बरेचदा समोर पांढरा पडदा असतो. दरी आहे हे ऐकून मानायचं. वर शनिवार-रविवारची रांग.

खडकासाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. सागाची पानं जानेवारीपासून विरळ होत जातात, गवत पिवळं पडतं, आणि काळा कडा, पिवळा उतार, लाल पट्टा हे तिन्ही वेगळे दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये झाडं आणखी उघडी होतात, पण हवेत धूळ आणि वणव्याचा धूर असतो, लांबचं धुरकट होतं.

आणखी एक कारण उन्हाचं. आपण साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. गाविलगडची भिंत दक्षिणेकडे तोंड करून उभी. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४५-५० अंशांवरच असतो, म्हणून ऊन भिंतीच्या तोंडावर पडतं आणि प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते. मेअखेर सूर्य बरोबर डोक्यावर, आणि जूनमध्ये दुपारी तो डोक्याच्याही किंचित उत्तरेला गेलेला असतो. तेव्हा दक्षिणेचा कडा ऐन दुपारी स्वतःच्याच सावलीत. फोटो सपाट येतो, त्याचा दोष मोबाईलला देऊ नका.

जानेवारीत सकाळी दहाच्या आत धामणगावपाशी पोचा. त्याही आधी गेलात तर सपाटीवर धुकं असतं आणि भिंतीचा खालचा अर्धा गायब. वर दऱ्यांच्या काठावर दुपारी तीन ते साडेचार.

पावसाळी पाखरू
बरं बाप्पा, जानेवारी तर जानेवारी. पण पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एवढं तरी सांगा की ढगात गाडी कशी चालवायची. निम्मे लोक हॅझार्ड लाइट लावून चालवतात.

वऱ्हाडी ष्टेरिंग
हॅझार्ड थांबल्या गाडीसाठी. चालू गाडीनं लावला तं मागच्याले तुम्ही कोनीकडं वळता थे कळत नाही. ढगात लो बीम, फॉग असन तं थे. हाय बीम नाही. समोर उजेडाची भिंतच उभी होते. काच आतून धुंद झाली तं एसी चालू अन् हवा गरमवर. एसी हवेतलं पाणी काढते, गरम हवा काच सुकवते. नुसता रुमाल फिरवून दोन मिनिटांत पुन्हा तेच.

आता उतरण. ज्या गिअरनं चढला त्याच गिअरनं उतरा, हे पुस्तकी वाटते पण हिशेब पाहा. चार माणसं धरून गाडीचं वजन १,४०० किलो. साडेसातशे मीटर खाली याचं म्हणजे एक कोटी ज्यूलच्या वर ऊर्जा कुठं तरी जिरवाची हाय. माठातलं चार लिटर पाणी उकळून त्याची पुरी वाफ होईन एवढी उष्णता. इंजिनानं नाही जिरवली तं सारी ब्रेकच्या थाळ्यांत जाते.

मंग दोन गोष्टी होतात, अन् त्या वेगळ्या वळखता आल्या पाह्यजे. पायडल स्पंजासारखं नरम होऊन खाली जात असन, तं ब्रेक ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली. पायडल टणक हाय पण गाडी थांबत नाही अन् जळका वास येते, तं पॅडची पकड गेली. पयल्यात पायडल भराभर दोन-चार डाव पंप केलं तं थोडा ब्रेक भेटते. दोन्हीत गिअर एकेक करून खाली आना, हँडब्रेक हळूहळू ओढा, डोंगराच्या अंगाले थांबा. थांबल्यावर अर्धा तास गाडी तशीच राहू द्या, चाकाले गोटा लावा. गरम थाळीवर पाणी मारू नोका, वाकडी होते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते. डॉट म्हणजे ऑइलचा दर्जा. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांले उकळते, पाणी ओढलेलं १४० लेच. डॉट ४ चे तेच आकडे २३० अन् १५५. दोन वर्सांच्या वर झालं असन तं निघाच्या आधी बदलून घ्या. पॅड तीन मिलिमीटरच्या खाली असन तं तेही.

न्यूट्रल करून, नाही तं इंजिन बंद करून उतरणारे अजून हायेत. इंजिन बंद का ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) दोन-तीन दाबांत संपते अन् ष्टेरिंग जड होते. पेट्रोलही वाचत नाही. गिअरात पाय सोडून उतरताना आजकालची गाडी इंजेक्टर बंदच ठेवते.

चार्जिंगवाली ताई
इलेक्ट्रिकचं मी सांगते. दीड टनाची गाडी साडेसातशे मीटर चढायला सपाटीच्या खर्चाशिवाय तीन ते साडेतीन युनिट जास्त घेते. रेंजचा आकडा चढताना भराभर पडतो, घाबरू नका. उतरताना त्यातला चांगला हिस्सा परत येतो. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि पाय सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. वर मुक्काम असेल तर सकाळी निघताना १०० टक्के करू नका, ८०-८५ वर थांबवा. चार्जिंगचा भरवसा मात्र अमरावती-परतवाड्याचाच धरून चला, वर मिळालं तर बोनस.

ऑटोमॅटिकवाल्यांनी उतरताना डी सोडून एल किंवा मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर धरावा. एएमटी (क्लच आपोआप चालणारी) गाडी चढणीवर रांगेत एक्सलेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबा, पुढची गाडी हलली की निघा.

खारपाण
दर्यापूरचे आहात म्हणून मुद्दाम. आपल्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. पूर्णेच्या गाळातलं पाणी खारं आहे हे तुम्हाला काय सांगायचं. ते तापलं की आत क्षार बसतात, नळ्या आखडतात, आणि नेमकं घाटात काटा वर जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. पाच लिटरचा डबा डिकीत.

काटा चढायला लागला तर आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. गाडीतले शिव्या देतील, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. जागा मिळाली की थांबा, बॉनेट उघडा, आणि कूलंट वाहून गेलेलं नसेल तर इंजिन चालू ठेवा म्हणजे पंखा फिरत राहील. झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण सुटताच अंगावर येतं.

दुसरं, फोटोसाठी गाडी डांबरावरून खाली उतरवण्याबद्दल. जानेवारीत भेगाळलेली काळी जमीन टणक दिसते, पण ओलिताचा हरभरा-गहू असेल तिथे रस्त्याकडेची पट्टीही आतून ओली असते. पावसाळ्यात तर उतरवूच नका. रुतलीच तर रेस करू नका, चाक खड्डाच खोदतं. पुढच्या टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाच्या पुढे पऱ्हाट्या आडव्या टाका, दुसऱ्या गिअरात हळू क्लच सोडा. तुराट्यांचे तिरपे कापलेले खुंट मात्र टाळा, टायरच्या बाजूत शिरतात. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत हळू चालवा.

शार्दूल दरवाजा
किल्ल्याचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो, कारण खडकाचा सगळ्यात चांगला पुरावा इतिहासात आहे. गाविलगड १४२५ च्या सुमाराला बहमनी सुलतान अहमदशाह वलीने बांधवला. दक्षिणेला सरळ कडा, उत्तरेला पठाराशी जोडणारी पट्टी. १८०३ च्या डिसेंबरात किल्ला घ्यायला आलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी होता, तोफा चालवूनही तिकडून फारसं साधण्यासारखं नव्हतं. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने जड तोफा अचलपूरहून धामणगावच्या बाजूने डोंगरात चढवल्या. ७ तारखेला निघालेलं सैन्य १२ ला किल्ल्याच्या उत्तरेच्या लवादा गावाला पोचलं. तिकडून भगदाड पडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला गेला. तुम्ही गाडीने तासाभरात चढणार तो घाट साधारण त्याच अंगाचा. लाव्ह्याच्या पायऱ्या दक्षिणेला तुटलेल्या आणि उत्तरेला सलग, हा फरक त्या पाच दिवसांत मोजला गेला.

आईवडिलांसाठी: किल्ल्यापर्यंत गाडी जाते, आत मात्र दगडी चढ आणि वाढलेलं गवत आहे. बाहेरच्या दरवाजापर्यंत जाऊन तटाचे दगड बघून परत या. तट त्याच काळ्या दगडाचा, आणि किल्ल्यातले तलाव टिकले तेही खालचा घट्ट थर पाणी अडवतो म्हणूनच. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंडाचं (दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचं) शिल्प पाहण्यासारखं आहे.

कपाशीवाला
हे फारच छान. मग वर कोणते पॉइंट ठेवू? भीमकुंड साडेतीन हजार फूट खोल आहे असं वाचलं.

गोटेमोज्या
तो आकडा सगळीकडे फिरतो. चिखलदराच समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या थोडा वर आहे आणि खालचं अचलपूर बाराशे फुटांवर. पठारापासून थेट सपाटीपर्यंत गेलात तरी अडीच हजार फूट होतात. भीमकुंडाच्या पायथ्याशी समुद्र असता तर साडेतीन हजार भरले असते. दरी त्या आकड्याशिवायही पाहण्यासारखी आहे.

तीनच जागा ठेवा. देवी पॉइंट: इथे कड्याच्या कपारीत देवीचं स्थान आहे आणि खडकातून पाणी झिरपतं. कुठून झिरपतं ते नीट पाहा. वरच्या भेगाळ थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि बाजूने बाहेर पडतं. चंद्रभागा नदी इथलीच. पायऱ्या आहेत, पण ओल असते, आईवडिलांना रबरी तळाच्या चपला.

भीमकुंड: धबधबा जिथून पडतो ती कड म्हणजे एका जाड थराचं डोकं. पाणी खालचा ठिसूळ भाग आधी खातं, वरचा घट्ट भाग छपरासारखा पुढे राहतो, मग भेगेवर तुटून कोसळतो. दरी अशीच मागे मागे सरकत जाते. म्हणून रेलिंगच्या पलीकडच्या चपट्या दगडावर उभं राहू नये. त्या दगडाखाली काय उरलंय ते वरून दिसत नाही.

पंचबोल: इथे पाच वेळा आवाज ऐकायला येणारेच जास्त, पण समोरची भिंत थर मोजायला सगळ्यात सोयीची. दुर्बीण न्या, आठ बाय चाळीसची पुरे. कडा आणि उतार मिळून साधारण एक थर धरा. साधारण म्हणतोय, कारण एखाद्या मोठ्या थराच्या आतही छोट्या जिभा असतात आणि झाडी फसवते. दोघांनी वेगवेगळं मोजलं तर आकडा जुळणार नाही. भांडू नका.

नागपूरकर मावशी
अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनसारखंच की हे! मग तिकडे सगळं उघडं आणि लाल, आपल्याकडे झाडी, असं का?

गोटेमोज्या
मावशी, पायऱ्या सारख्या दिसतात, माल वेगळा. तिकडच्या आडव्या थरांत वाळूचा दगड, चुनखडी, शेल (चिखलाचा दगड), म्हणजे पाण्याने किंवा वाऱ्याने आणून बसवलेलं. तळाशी जुना रूपांतरित खडक. कोलोरॅडो नदीने ते साधारण दीड किलोमीटरहून जास्त खोल चिरलं. पाऊस कमी, माती टिकत नाही, झाड धरत नाही, म्हणून रंग उघडे. आपल्याकडे सगळा लाव्हा, आणि चिखलदऱ्याला पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. बेसॉल्ट, म्हणजे आपला हा लाव्ह्याचा काळा दगड, कुजून मुरूम आणि माती होते, त्यावर साग-तेंदू उभे राहतात. वाळवंटात वर्षभर दिसतं ते आपल्याला जानेवारी ते एप्रिल एवढंच दिसतं.

खडू_फळा
घाटात मुरमाच्या दरडीत गोल गोल गोटे अडकलेले दिसतात, तोफगोळ्यासारखे. आमच्या वर्गातली पोरं विचारतात. ज्वालामुखीतून उडालेले का?

गोटेमोज्या
नाही. ते जागच्या जागी गोल झालेले. खडकात उभ्या-आडव्या भेगा असतात, त्याने चौकोनी ठोकळे पडतात. पाणी भेगांतून शिरतं, कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात, कडा दोन बाजूंनी, सपाट तोंड एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि आत गोल गाभा उरतो. बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. पोरांना साबणाच्या वडीवर दाखवा, आठवडाभर वापरलेल्या.

भोकांत पांढरं-पारदर्शक काही चमकलं तर ती गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइट. नखाने ओरखडा जात नसेल पण चाकूने जात असेल तर कॅल्साइट किंवा झिओलाइट. चाकूही उमटत नसेल तर गारगोटी. ही परीक्षा गावाकडच्या विहिरीच्या मुरमावर करा. मेळघाटच्या राखीव जंगलातून दगड उचलणं गुन्हा आहे. वन कायद्यात खडक आणि खनिजंही वनोपजातच येतात.

वऱ्हाडी ष्टेरिंग
अन् दरड पाहाच्या नादात गाडी दरडीच्या खाली लावू नोका. लाल पट्ट्यात पाणी मुरलं का थो साबणावानी होते, वरचा भेगाळ दगड सुटते. रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे गोटे पडेल दिसले तं थे ठिकाण थांबाचं नाही, जाचं. थांबाचं तं वळणाच्या पुढं सरळ रस्ता अन् दरीकडं कठडा असन तिथं. चारही चाकं पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, पुढचं चाक डोंगराकडं वळवून, गिअरात. चढावर थांबला तं पयला, उतारावर तं रिव्हर्स. दरीच्या अंगाचं दार आईबाबाले उघडू देऊ नोका.

वांदराले काही खाऊ घालू नोका. एकाले दिलं का पुढच्या गाडीच्या काचीवर वीस येतात.

सालबर्डी_रोड
एक दिवस जास्त असेल तर मोर्शीकडून सालबर्डी जोडा. गाविलगडच्या कड्यावर फक्त लाव्हा दिसतो. सालबर्डीला त्याच्या खालचंही दिसतं. भ्रंशामुळे जुने थर वर आले आहेत, म्हणून थोड्या अंतरात सगळ्यात जुना ग्रॅनाइट-नाइस, त्यावर गोंडवन काळातला वाळूचा दगड, मग लमेटा थर (लाव्ह्याच्या आधी नदी-तळ्यांत बसलेला गाळ), मग काळा बेसॉल्ट. लमेटा थरांत डायनासोरची हाडं आणि अंडी मिळाली आहेत. माडू नदीच्या पात्रात जानेवारीत पाणी कमी असतं, गोटे धुतलेले असतात. गुलाबी-करडा ठिपक्यांचा म्हणजे ग्रॅनाइट-नाइस, हाताला खरखरीत दाणेदार तो वाळूचा, काळा जड तो बेसॉल्ट. आईवडिलांना पुलाजवळ बसवून तुम्ही पात्रात उतरा. महादेवाच्या गुहेची वाट त्यांच्या वयाला जड आहे, आणि शिवरात्रीच्या आसपास यात्रेची गर्दी. ते दिवस सोडा.

मुक्तागिरीही परतवाड्याहून जवळ आहे, पण ते मध्य प्रदेशात. दरीच्या तोंडाशी कड्यावर जैन मंदिरं आणि मधून धबधब्याची जागा. पायऱ्या भरपूर. खालून पाहिलं तरी कड्याची रचना कळते.

नागपूरकर मावशी
आणि लोणार? तेही याच फेरीत होईल का?

सालबर्डी_रोड
मावशी, होतं, पण पाहणं होत नाही. लोणार वेगळ्या दिवशी. दगड तोच, बेसॉल्ट, पण कथा उलटी: इथे थर आडवे शांत बसलेले, तिथे अशनीच्या धडकेने काठावरचे थर वर उचलून बाहेरच्या बाजूला कलंडलेले. काठ ते काठ सुमारे १.८ किलोमीटर. आधी चिखलदऱ्याला आडवे थर नजरेत बसवा, मग लोणारच्या काठावरचा कल आपोआप दिसतो. समृद्धीने जाणार असाल तर मेहकरला उतरा, तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. आणि त्या रस्त्यावर झिजलेल्या टायरने १२०च्या वेगाला जाऊ नका.

कपाशीवाला
ठरलं. सकाळी साडेनऊला धामणगाव, दुपारी चिखलदरा, मुक्काम, दुसऱ्या दिवशी घटांगकडून परत. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं आहे, या आठवड्यात बदलतो. उतरताना घटांगच्या रस्त्याला काही बघण्यासारखं?

गोटेमोज्या
दगड कमी, साग जास्त. हाती वेळ असेल तर आधी सेमाडोहला उतरून सिपना नदीवर या. पात्रात लाव्ह्याचं घासलेलं तोंड उघडं पडलेलं दिसतं, तेही रस्त्यावरूनच. नदीत उतरू नका, व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. नाक्याच्या वेळा आदल्या दिवशी चिखलदऱ्यात विचारून घ्या, आणि नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवा, जंगलात रेंज येते-जाते. संध्याकाळी पाचच्या पुढे त्या रस्त्यावर राहू नका. गवे वळणावर उभे असतात आणि हॉर्न दिला म्हणून हलत नाहीत. इंजिन चालू ठेवून लांब थांबायचं, ते जातात.

वऱ्हाडी ष्टेरिंग
अन् मोथ्याचा खवा चढतानाच सांगून ठेवजा. दुसऱ्या दिवशी घटांगकडून उतरणार म्हणजे मोथा पुन्हा लागत नाही.